तिसऱ्या कोर्टावरचा अर्धा तास

प्रिय चिमणे,

होस्टेलचं जेवण घशाखाली उतरतंय ना? इकडे आई बरी आहे आणि मी नेहमीसारखा हॉलमध्ये सामन्यांच्या वेळा लावत, सगळ्यांच्या शिव्या खात बसलोय. एकेरीला मी पाऊण तास धरतो. एकटीने सगळं कोर्ट पळायचं, मध्येच शटल उंच मारून दम खायचा; सामना लांबतोच. दुहेरीत चौघी असतात, शटलला उसंत मिळत नाही, गुण पटापट पडतात, म्हणून अर्धा तास. तू आणि ताई तर त्याच्याही आधी उरकून माझ्या टेबलाशी हजर व्हायचात आणि माझाच डबा फस्त करायचात.

ताई गेल्यापासून तू एकेरीच खेळतेस. मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. पण दर स्पर्धेत तिसऱ्या कोर्टावर मी अर्धा तास रिकामा ठेवतो. लोकांना वाटतं, कोर्ट पुसायला. मी तिथे जाऊन बसतो. शेजारी एवढा गलका असतो, तरी मला तिच्या बुटांची करकर ऐकू येते आणि तिचं ते ओरडणं, 'तुझं! सोड, माझं!' भीती नाही वाटत गं. अर्धा तास संपला की मात्र जीव कासावीस होतो. पुढच्या सामन्याच्या मुली येतात आणि नेमक्या तिच्याच जागेवर उभ्या राहतात.

काल तुझ्या कोचनी सांगितलं, तुला पुन्हा दुहेरी खेळायचंय, त्या डावखुऱ्या मैत्रिणीबरोबर, आणि बाबांना कसं सांगू म्हणून तू रडतेयस. ऐकून मी वेळापत्रक मिटून ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण वेडे, खेळ ना! तिसऱ्या कोर्टावरचा तो अर्धा तास मी तुम्हाला दिलाय. मी कुठे बसायचं ते माझं मी बघेन.

अडचण एकच आहे. माईकवर जोडी मलाच पुकारायची आहे आणि तुझ्या नावामागोमाग माझ्या जिभेवर ताईचंच नाव येतं. घरात मोठ्याने सराव करतोय. आई दार लोटून घेते. म्हणून हे पत्र. तुझं नाव घेऊन मी मध्येच थांबलो, तर घाबरून टेबलाकडे बघू नकोस. मैत्रिणीला घेऊन सरळ कोर्टावर जा. तिचं नाव मी घेईन.

तुझाच,
बाबा