कॉलेजचा कौल

१ जून १९३४
मॅट्रिक पास! घराण्यातला पहिला. आता कॉलेज. पाच तारखेच्या आत निर्णय. तोवर बाकी सगळं बंद, फक्त विचार.

पंचाक्षरी दुपारी इथे सोलापूरच्या बोर्डिंगवर आला. चार वर्षं एका बाकावर बसलो, आता त्याचं पुण्याचं पक्कं. पुढे वकिली. म्हणाला, ये की पुण्याला, दोघं मिळून खोली घेऊ. मी सांगितलं, मी धनगराचा असलो तरी मेंढरू नाही. कुणाच्या मागून जाणार नाही, स्वतंत्र विचार करणार. तो टोपी उचलून निघालाच. चांगलाच प्रभाव पडला असावा.

३ जून, दुपार
वकिलीचा विचार केला. आवाज पाहिजे. बोर्डिंगमागे जाऊन भिंतीपुढे 'मायलॉर्ड' करून पाहिलं. स्वयंपाकी धोंडीराम पळत आला, पोटात दुखतंय का, ओवा देऊ का, म्हणाला. वकिली रद्द.

५ जून
डॉक्टरी रद्द. दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा लागला, मला घेरी आली. प्रोफेसरी चालेल, पण कशाची? निर्णय आठ तारखेवर ढकलला. घाईत घेतलेला निर्णय तो निर्णयच नव्हे.

पंचाक्षरीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कोल्हापूरचाही विचार चालू आहे. वास्तविक नव्हता, पण 'पुणे' असं एकदम म्हणणं बरं दिसत नाही.

८ जून
बोर्डिंग रिकामं. पोरं गावी गेली. मी आणि धोंडीराम. एकांत हा विचाराला उत्तम. इतका उत्तम की सकाळपासून चारदा स्वयंपाकघरात जाऊन धोंडीरामला पुणे-कोल्हापूर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमी गावाकडं जाऊन या की जरा. लई बोलाय लागलाय."

गावी जातो. धोंडीरामही कुलूप लावून घरी जाणार. सल्ला घ्यायला नव्हे, फक्त कळवायला.

१० जून, गाव
आबा मेंढरं घेऊन परतलेत. निम्मं वरीस रानोमाळ हिंडून आल्यावर त्यांना पुणे काय आणि कोल्हापूर काय. धुळाकाका म्हणाले, बिरोबाला कौल लाव. माझा विश्वास नाही. पण आईचं मन मोडवेना, आणि प्रयोग म्हणून हरकत नाही.

देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. ज्या बाजूची आधी पडेल तो देवाचा शब्द. ज्याचा प्रश्न त्यानेच कळ्या लावायच्या. उजवी पुणे, डावी कोल्हापूर. डावी पडली तर? या भीतीने डावी जरा दाबून बसवली. मग वाटलं, हा पक्षपात झाला. म्हणून उजवीही तितकीच दाबली. शास्त्रीय वृत्ती.

दिवस मावळला. एकही पडली नाही.

११ जून
कळ्या जागेवर. कौल पडेपर्यंत गाव सोडायचं नाही, असा पुजाऱ्याचा नियम. मी मानत नाही. फक्त पाळतो.

१३ जून
जागेवर. वाळल्यात, पण धरून आहेत. पंचाक्षरी सतरा तारखेच्या गाडीने निघणार. अजून पुष्कळ वेळ आहे. इथे बोलायला कुणी नाही. मेंढरांशी कॉलेजविषयी काय बोलणार? थोडं बोललो.

१६ जून
आज सकाळी कुणाची तरी शेळी देवळात शिरली आणि दोन्ही कळ्या खाऊन गेली.

देवळापुढे सभा. धुळाकाका म्हणाले, देव दोन्हीला न्हाय म्हनतोय. आई म्हणाली, म्हणजे पोरगं हितंच ऱ्हाऊ दे. आबा मात्र उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "देव बोलंना, शेळीचं काय ऐकायचं? तूच बोल की. तुला कुटं जायाचंय?"

असं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. 'पुणे' अगदी ओठांवर होतं. पण का, म्हणून पुढे विचारलं असतं तर? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१७ जून, सोलापूर
पहाटेच निघालो. वाटेत ठरवलं की पुणेच. पंचाक्षरीला एकट्याने झेपणार नाही, त्याला सोबतीची गरज आहे. त्याच्यासाठी एवढं केलंच पाहिजे. मोटार वाटेत बंद पडली. संध्याकाळी पोचलो तो थेट त्याच्या मामांच्या दुकानात.

दुपारच्याच गाडीने गेला.

त्याचे मामा चनबसप्पा भले गृहस्थ. गुळाचा खडा हातावर ठेवून म्हणाले, "दोन डाव बोर्डिंगवर बघून आला की तुमाला. कुलूपच. मग तुमच्या वर्गातल्या रामहरीला घेतलं बरोबर. खोली एकट्याला मोठी व्हती." आणि वर म्हणाले, "तुमचं लई कौतुक करतो पंचाक्षरी. म्हनतो, तो कुनाच्या मागं येनारा न्हाय, त्याला उगं आग्रह करू नये."

मी व्हय म्हटलं. गूळ खाल्ला.

१८ जून
कॉलेज वीस तारखेला उघडतं. अजून जाता येईल. आबा नाही म्हणणार नाहीत. सकाळपासून बसून पुण्याला जाण्याची कारणं शोधतोय. वकिली नको, डॉक्टरी नको, प्रोफेसरी कशाची ते माहीत नाही. एक कारण होतं. ते काल दुपारच्या गाडीने गेलं.

मला फार एकटं वाटतंय. हे कुणाला सांगावं, तेही ठरत नाही.