नळाच्या पाण्यातला जांभळा रंग

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. इंदूस आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापू राजसरावांनाही.

पायांची सूज उतरली का? उशीवर पाय ठेवून पडत जा. मी बरी आहे. तुझी खोली रंगवून झाली, फिकट पिवळा दिलाय. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण पुढचं बोलताना रडू फुटेल, म्हणून लिहिते.

मागं कॉलेजात मुलांना पाण्यातलं क्रोमियम ओळखायला शिकवत होते. साधं पाणी बिनरंगीच राहतं हे दाखवायला आपल्या गल्लीतल्या बोअरच्या नळाचं पाणी नेलं होतं. परीक्षानळीत औषध टाकलं. क्षणभर काहीच नाही. मग क्रोमियमचा जांभळट रंग उमलत गेला. इंदू, इतकी वर्षं शिकवतेय, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. किती सुंदर होता गं तो रंग! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उरलेलं पाणी बाटलीत बंद केलं, तपासायला पाठवायला.

बाहेरच्या प्रयोगशाळेनंही तेच कळवलं. कॅन्सर करणारं क्रोमियम, मर्यादेच्या कितीतरी वर.

शेजारच्या मायाक्का म्हणाल्या, "पानी काचंवानी हाय की, बाई! उगं भ्या दावू नका." मग त्यांच्याच तांब्यातलं पाणी सगळ्यांसमोर तपासलं. रंग चढला तशी गल्लीतली माणसं पुढं झुकली. "डोळ्याला दिसंना ते दिसाया लागलं की," मायाक्का पुटपुटल्या. उठल्या, आणि बोअरची मोटर बंद केली. तिला परत कुणी हात लावलेला नाही. सध्या टँकरवर भागतंय.

तुझे बाबा कॅन्सरनं गेले; तो या पाण्यानंच झाला का, हे ती नळी सांगत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

आता खरं लिहिते. बाळंतपणाला इकडं येऊ नकोस. आपल्या घरातली टाकी, पाइप सगळं त्याच पाण्याचं. ते बदलेपर्यंत माझं मन धजत नाही. आणि लग्न होईपर्यंत तूही तेच पाणी प्यालीस, बाळा. भिऊ नकोस, पण तुझ्या डॉक्टरीणबाईंना हे नक्की सांग. मी माझीही तपासणी करून घेतेय.

रजा मंजूर झाली की मी तुझ्याकडं कुर्डुवाडीला निघते. डिंकाचे लाडू तिथंच वळू.

पहिलटकरणीनं माहेरी यायचं असतं. या वेळी माहेरच तुझ्याकडं येतंय.

तुझी,
आई