दातोचा आवाज बसल्याची हकिकत

चि. हानास,

तुझ्या पाक सू मामाचा सलाम, आणि डोक्यावरून हात. (हात इथूनच फिरवतो आहे, जावापर्यंत पोचला नाही तर मधल्या समुद्राला बोल लाव.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? दातो आजारी आहे. बाकी तुझ्या आईचे गुडघे, माझा खोकला आणि गळकं छप्पर ही मंडळी आपापल्या जागी आहेत. तू वेळेवर जेवतेस का? सुराबायाच्या त्या दवाखान्यातली मांजरं तुझं ऐकतात का? तुझ्या आईनं विचारायला सांगितलं म्हणून विचारलं.

तर दातो गेले काही आठवडे गात नाही. गाण्याच्या शर्यतींत एवढा नावाजलेला कवडा, सरहद्दीपलीकडच्या चना गावाहून आणलेला. पण पिंजरा खांबाच्या टोकाला चढवला की मान फुगवून निवृत्त मामलेदारासारखा बसून राहतो. शहरातल्या नोंदणीवाल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. भला माणूस आहे. त्यानं चोच उघडून पाहिली, पंख चाचपले आणि म्हणाला, "पक्ष्याला काही झालेलं नाही पाक सू, तुम्हीच जरा झोप घेत जा." आता पिंजऱ्यात कोण होतं आणि निदान कुणाचं केलं, तूच बघ. म्हणजे दातोला तूच तपासायला हवंस. पण तू हात लावलास तर तो गुन्हा, कारण तुझं तिकडचं कॉलेज आपल्या पशुवैद्यक मंडळाच्या यादीत नाही. यादीबाहेरच्यांनी राजधानीत येऊन परीक्षा द्यायची, पास झालात तर नोंदणी, असा कायदा. आणि तू तर कळवून मोकळी झालीस की आजवर परीक्षाच दिल्या, आता पुन्हा कुणापुढे पाढे म्हणणार नाही, त्यापेक्षा सुराबायातलीच कायमची नोकरी धरते. (हा ताठा तुझ्या आजोबांचा. ते एकदा न्हाव्यावर रुसले आणि मरेपर्यंत स्वतःचे केस स्वतःच कापत राहिले. कसे दिसायचे ते फोटोत आहेच.)

मला हे पटलं नाही, म्हणजे तुझंही नाही आणि मंडळाचंही नाही. अगं, दातोसुद्धा परदेशातलाच ना? त्याला कुणी विचारलं का, की बाबा रे, तू कुठल्या झाडावर शिकलास, ते झाड आमच्या यादीत आहे का? शर्यतीत गायला, पंचांनी पिंजऱ्याला गुणांचा झेंडा लावला, विषय संपला. हाच न्याय माझ्या भाचीला का नाही, एवढंच विचारायला मी राजधानीची बस धरली. तुझ्या आईनं सोबत घरच्या बुडूची बाटली दिली. लाच नव्हे, कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. आता आंबवलेल्या माशांचा रस, तोही यंदाचा ताजा, बसमध्ये रात्रभर हिंदकळलेला, आणि मंडळाच्या कचेरीबाहेर ऊन असं की विचारू नकोस. मी आत थंडगार खोलीत बसलो, नंबर यायची वाट बघत. पिशवी मांडीवर. आणि बूच उडालं.

पुढचं सभ्य माणसानं लिहू नये, पण लिहितो. आधी शेजारची बाई उठली, मग रांग उठली, मग टेबलामागची मुलगी रुमाल नाकाला लावून दिसेनाशी झाली. पहारेकरी लांबूनच ओरडला, "काका, काय मेलंय पिशवीत?" मी म्हटलं, "मेलेलंच असतं बाबा त्यात, जिवंत माशाचा बुडू होत नाही." तो मला बाहेर काढणार, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि एक पोक्त बाई वास घेत घेत थेट माझ्यापाशी आल्या. पुआन रोस्मावती. मोठ्या अधिकारी. आणि बोलल्या चक्क आपल्या बोलीत, "कुणाच्या घरचा हो हा? माझी आई असाच करायची." आपल्याकडच्याच, तुंपातच्या निघाल्या. लग्न होऊन राजधानीत गेल्या त्या तिकडेच राहिल्या, आई गेल्यावर गावी जायला निमित्त उरलं नाही म्हणाल्या. मला आत नेलं, स्वतःचा डबा उघडला, बाटलीत उरलेलं काकडीवर ओतून घेतलं, आणि खाताना बाईंचे डोळे भरून आले. (मिरची नव्हती त्यात.)

वेळ साधून मी माझा दातोचा मुद्दा मांडला. वाटलं, आता काय उत्तर देतील? त्यांनी बोट चाटलं आणि म्हणाल्या, "काका, पण दातोला खांबावर चढावं लागलंच ना? तुमच्या अंगणातल्या पिंजऱ्याला कुठला पंच झेंडा लावून गेला?" हाना, मी माझा मुद्दा गुंडाळून पिशवीत परत ठेवला. यादी त्यांच्या हातात नाही. पण कुठल्या कुठल्या देशांत शिकलेली पोरं येतात, परीक्षेला बसतात, आणि आपल्या गावी जाऊन गुरं तपासतात, असं त्या म्हणाल्या. तुझं नाव विचारून घेतलं.

आता एकच, आणि हसून घालवू नकोस. मागच्या ईदला शेजारच्या पाक मानची गाय अडली, तेव्हा तू आपल्या मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतलेस. आणि मग धुतलेले हात पाठीमागे धरून उभी राहिलीस, शहरातला डॉक्टर येईपर्यंत. तो पोचेस्तोवर वासरू गेलं. कुणी तुला बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस आणि पुन्हा आली नाहीस. तुझी आई तो साबण कुणाला वापरू देत नाही. नळाच्या कट्ट्यावर वाळून त्याला भेगा पडल्यात. मला तुझी फार आठवण येते, पोरी. एवढं लिहायला इतका कागद लागला.

तुझा धाकटा मामा,
पाक सू

ता. क. खरं सांगायचं तर दातो गातो. उजाडल्यापासून गातो, शेजारी कंटाळलेत. डॉक्टरचं निदान बरोबर होतं, झोप मलाच लागत नाही.

ता. क. २. परीक्षेची नावनोंदणी या महिनाअखेर बंद होते. परीक्षेला बस. नापास व्हायचंच असेल तर इथे येऊन हो. नापास भाचीला घरी जेवू घालू नये असा कायदा अजून निघालेला नाही, पुआनना विचारून आलोय.

ता. क. ३. पाक मानची तीच गाय पुन्हा गाभण आहे. दिवस भरतील ते परीक्षेच्या निकालाच्या आसपास. मी पाक मानला सांगितलंय, आमच्या हानाची नोंदणी होईपर्यंत धीर धर. गायीलाही सांगून आलोय.