चारचाकी असेल तरच

नेरूळ,
२ सप्टेंबर २०२१

ती. मालतीताईस,
सा. न. वि. वि.

अंधशाळेतल्या सिस्टरांनी माझ्याबरोबर तुलाही ब्रेल शिकवलं ते बरं झालं. फोनवर मी आज नुसती ओरडले असते.

दुसऱ्या डोसला गेले होते. अंध-अपंगांसाठी दर गुरुवारी खास सोय, गाडीत बसूनच लस! मी रिक्षाने गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, चारचाकी असेल तरच आत, तीही खाजगी. म्हटलं, अहो, मी कुठली गाडी चालवणार? वर विचारतो, दिसत नाही तर एकट्या आलात कशाला? साध्या केंद्रावर गेले तर ते म्हणे, तुमच्यासाठी खास सोय आहे ना! परतताना तासभर रस्त्याकडेला उभी होते. कोरोनाच्या भीतीने आता कुणी हात धरून रस्ताही ओलांडून देत नाही.

डोसनंतर चौदा दिवसांनी लोकलचा पास. सत्तावीसला ऐरोलीच्या ऑफिसात गेले नाही, तर टेलिफोन ऑपरेटरची माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देणार आहेत. अठ्ठावीस वर्षांची खुर्ची, ताई! पुढचा गुरुवार चुकला की संपलं.

घरमालक देवजीशेठना गाडी मागितली. नेमकी त्याच दिवशी ती तुमच्या पेणला गणपती आणायला जाणार. बाप्पाच्या आधी गाडीत कोन बसनार नाय, म्हणाले.

लोभ आहेच, आटू देऊ नकोस.

तुझी सुचिता

पेण,
५ सप्टेंबर

चि. सुचितास अनेक आशीर्वाद.

राग पोचला. कागद तीन ठिकाणी फाटलाय. टोचणी हळू दाब, शाळेत असताना सिस्टर तुला हेच सांगून थकल्या.

देवजीशेठ मूर्ती आमच्या शेजारच्या कारखान्यातूनच नेतात. त्यांना फोन केला. आधी नको, तर बाप्पाबरोबर बसवा म्हटलं. ते म्हणाले, मूर्ती धरायला कोनतरी लागतंच. तू गुरुवारी दोनला घराच्या गेटवर उभी राहा. आणि फाटकावर भांडू नकोस, मांडीवर देव असेल.

माया आहेच.

मालती

नेरूळ,
९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

लस झाली!

पाटासकट मूर्ती मांडीवर. फाटकावर तोच माणूस. रुग्णाबरोबर एकच जण चालेल म्हणाला, सोबत कोण आहे? देवजीशेठ म्हणाले, मी डायवर, सोबत बाप्पा हाय. मग त्याने चपला काढल्याचा आवाज आला.

सुई टोचली तेव्हा मी मूर्ती घट्ट धरली, तर बोटांना रुमाल लागला. स्थापनेपर्यंत तोंड झाकलेलं असतं, विसरलेच होते. म्हणजे पेणपासून त्यालाही काही दिसलं नव्हतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, एकटे आलात कशाला.

सत्तावीसला खुर्चीत बसले की पहिला फोन तुला. उचल मात्र.

तुझ्याच लोभातली,
सुचिता