दुपारी उघडणारं दुकान

४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. दुकान मात्र हल्ली दुपारी बारानंतर उघडतो. घड्याळजीच उशिरा यायला लागला तर आम्ही वेळ कुणाची धरायची, असं गिऱ्हाइकं चिडवतात. सकाळी उठलं की उजव्या डोळ्यापुढे वाफ धरल्यासारखं होतं, बारापर्यंत निवळतं. आधी वाटलं कामाचं भिंगच गेलं, म्हणून नवं आणलं. तरी तेच. मग सगळं बारीक काम दुपारवर ढकललं, झालं. भाचीला आशीर्वाद. तुझी माया आहेच, पत्रंही धाडत जा.

तुझा,
ठोक्या

९ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पत्र दोनदा वाचलं. नर्स म्हणून तीस वर्षं वॉर्डात काढली मी. सकाळी धुरकट, दुपारी साफ, याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या उजव्या बुबुळावर बसवलेला तो नेत्रदानातला पारदर्शक पडदा पाणी धरतोय. डावा डोळा तुझा लहानपणापासून अधू, आणि तू दुकानाच्या वेळा कसल्या बदलतोस! आधी डॉक्टर गाठ. आणि खरं सांग, थेंब रोज घालतोस ना? तुझी बायको होती तोवर मला हे विचारावं लागत नव्हतं. उलट टपाली कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तो सतत पाणी उपसत असतो. त्या पेशी मेल्या की नव्या होत नाहीत. सगळं नीट केलं तरी वर्षागणिक घटतातच. पण शरीर परक्या पडद्यावर उलटलं की भराभर जातात. ते रोखायलाच थेंब होते. चालू आहेत ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

ताई, खोटं बोललो. थेंब बायको घालायची. ती गेल्यावर स्वतः घालायला गेलो, तर बाटली जवळ आली की पापणी गच्च मिटायची, थेंब गालावर. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा मी, हे कुणाला सांगणार? लाज वाटली. दीड वर्षापूर्वी बाटली आणणंच सोडलं. आता फार भीती वाटते गं. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझा,
ठोक्या

२१ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलंय, रविवारी पोचते. तोवर डॉक्टरांना खरं सांग आणि शेजारच्या शिंप्याकडून थेंब घालून घे. लाज गेली चुलीत! चूक माझीही आहे. तब्येत दर पत्रात विचारली, थेंब कोण घालतं हे कधी विचारलं नाही. जेवत जा, बाकी आल्यावर बोलू.

तुझी,
ताई

१२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ओळी तिरक्या जातायत, सांभाळून घे. महिनाभर तू तासातासाला थेंब घातलेस, सूज थोडी उतरली, पण गेलेल्या पेशी गेल्या. तू परतलीस आणि आठवड्यात दुपारीही दिसेनासं झालं. दुकान बंदच आहे. दुसरा पडदा मिळालाय, परवा ऑपरेशन. दुसऱ्यांदा टिकायची शक्यता पहिल्यापेक्षा कमी, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

भाचीला घेऊन ये, पण पट्टी सोडताना समोर तू एकटीच बस. काही बोलू नकोस. दिसलीस तर मीच तुला हाक मारीन. मी गप्प राहिलो, तर तू मला हाक मार.

तुझा,
ठोक्या