अहो, सेव्ह करा की

१० नोव्हेंबर, सोमवार
ऑफिस. दोन ड्रॉइंग पूर्ण. भिंगारहून मेथी आणली. सत्यशीलाला जाऊन सहा महिने झाले. तिचा लॅपटॉप मीच वापरतो, तिच्याच एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, रिपोर्ट लिहितो. दहा मिनिटं सेव्ह केलं नाही की खाली ओळ येते: ‘अहो, सेव्ह करा की.’ मी विसरतो म्हणून तिनेच प्रोग्रॅम करून घातलेली. आज शेजारच्या टेबलावरच्या वाल्मिकने ती वाचून विचारलं, ही अहो म्हणणारी कोण? सगळे हसले, मग एकेक जण आपापल्या स्क्रीनकडे वळला.
ओळ बदलणे. टेक्निकल काम आहे, भावनेचा प्रश्न नाही. दहा मिनिटं.

११ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
ती ओळ असलेली तिची फाइल सापडली. ओळ खोडून ‘कृपया फाइल सेव्ह करावी’ घातलं. एडिटर पुन्हा सुरू केला. ‘अहो, सेव्ह करा की.’

१३ नोव्हेंबर
अभ्यास केला. एडिटरकडे फोल्डरांची यादी असते. वरून खाली शोधतो, पहिली मिळेल ती फाइल घेतो, पुढे बघत नाही. माझं फोल्डर केलं, बदललेली फाइल त्यात ठेवली, यादीत तिच्या फोल्डरच्या खाली लावलं. वर लावता आलं असतं. पण क्रम तिने लावलेला आहे.
फरक नाही. एडिटरमध्ये दोष असावा.

१४ नोव्हेंबर
वाल्मिकला विचारलं. एकाच फोल्डरात दोन फायली असतात म्हणे: एक आपण वाचायची, दुसरी तिच्यावरून मशीनसाठी तयार केलेली. दोन्ही असल्या की एडिटर मशीनवाली घेतो, जुनी असली तरी. सुरू होताना तसं लिहूनही दाखवतो. मी वाचत नव्हतो.
“वहिनींची ती फाइल उडवा, मंग तुमचं ऐकंल ते,” म्हणाला. थोड्या वेळाने, “पण उडवायचीच हाय का?”
मी म्हटलं, अर्थात.

१६ नोव्हेंबर, रविवार
उडवली. कचऱ्यातूनही काढली, अर्धवट काम मला चालत नाही. ‘कृपया फाइल सेव्ह करावी.’ काम फत्ते. दिवसभरात अकरा वेळा आली. एकदाही सेव्ह केलं नाही.

१७ नोव्हेंबर
ऑफिसात कोणी हसलं नाही. बॅटरी संपली, रिपोर्टची चार पानं गेली.

१८ नोव्हेंबर
जुनी ओळ परत टाइप केली. केवळ चाचणी. मग दहा मिनिटं हेच लिहीत बसलो. आली. अक्षर न् अक्षर तीच.
मीच मला अहो म्हणतोय.
सेव्ह केलं. अर्धी वाटी तांदूळ धुतले, कुकर लावला.