आईच्या प्रतिष्ठानाचे दोन सिंह

ती. सुमनताईस,

मल्हारीचा सप्रेम जय भीम. खोकला गेला का? सटाण्याच्या डॉक्टरांचं तू ऐकलं नसशीलच. आम्ही इंदिरानगरात मजेत. मी तर इतका हरखलोय की तुझी भावजय म्हणते, आधी खाली बसा.

ताई, आईच्या नावाचं प्रतिष्ठान उभं राहिलं! सुरगाण्याकडच्या मुलींचं वसतिगृह सुरू झालं, आणि त्याला चक्क बोधचिन्ह आहे. कल्पना माझी. (ओझरच्या कारखान्यात जन्मभर विमानांवरची चिन्हं पाहिली, तेव्हा हक्क माझाच.) मधोमध नागलीचं कणीस, कारण आई आश्रमशाळेत पोरींना नागलीच्या भाकरी करून घालायची. खाली उघडं पुस्तक. दोन्ही बाजूंना सिंह, म्हणजे निर्भयता! जावई प्रफुल्ल म्हणाला, "मामा, सिंह कशाला?" मी ऐकतोय होय! पण फाटकावरच्या पाटीवर पेंटर पुंजारामच्या हातून कणसाची झाली वळलेली मूठ, आणि सिंहांना आयाळच उगवली नाही. शेजारी विचारून गेले, बॉक्सिंगचा क्लास काढला का?

उद्घाटनाला मी बोधचिन्हाचा अर्थ सांगायला उभा राहिलो, आणि नेमकी छोटी हर्षाली आजीचा पदर धरून रडायला लागली, "मला नाय ऱ्हायचं!" आजीने, नवसाबाईंनी, डोळे पुसत बोचकं उचललं. ते पाहून बाकीच्या मुलीही चपला शोधू लागल्या. (वसतिगृह उघडलं आणि त्याच दिवशी बंद!) भाषण टाकून मी फाटकाशी धावलो. काही सुचेना, म्हणून पाटी दाखवली. "बाळ, हे बघ सिंह!"

तिने नाक पुसत वर पाहिलं. "हे तं मांजर हाय."

"सिंह आहे!" म्हणत मी सगळ्या पाहुण्यांदेखत डरकाळी फोडली. ती अर्ध्यावरच फाटली आणि मला ठसका लागला. हर्षाली खुदकन हसली. मग सगळ्याच हसल्या. नवसाबाईंनी बोचकं खाली ठेवलं. म्हणाल्या, "ऱ्हाव दे हिला. हसली, म्हंजे झालं."

ताई, त्या क्षणी आई हवी होती गं.

तुझा,
मल्हारी

ता.क. पुंजाराम आयाळ फुकट काढून देतो म्हणतोय, पण मुली हात लावू देत नाहीत.

ता.क. २ – मुलींजवळ राहायला कडक पण मायाळू बाई हवी. तू रिटायर झालेली, घरी एकटी. खोली रंगवून ठेवली आहे. सोमा ड्रायव्हरची जीप शनिवारी तुझं सामान न्यायला येतेय. नाही म्हणायचं असेल तर त्यालाच सांग. त्याला ऐकू कमी येतं.